काखेतले साडेपाच इंच

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात की माझी गाडी रुळावरून घसरते, आणि ही गोष्ट आधीच इतकी गोंधळाची आहे, की एकदा घसरली तर मलाच परत जुळवता येणार नाही. चहा घेतला ना? घ्या. बिस्किटं पण घ्या.

मी संगीता. बडनेऱ्याला राहते. नवरा रेल्वेत, त्यामुळे तो घरी कमी आणि फलाटावर जास्त. घरी मी आणि सासूबाई. सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून बाई म्हणून रिटायर झालेल्या. बाई रिटायर होते, तिच्यातली बाई होत नाही. अजूनही दुधाच्या पिशवीवरची तारीख त्या मोठ्यानं वाचतात आणि माझ्याकडं बघतात, जणू आता मी पाढा म्हणायचा आहे.

आणि मी? मी नववी नापास. कशात? विचारता काय! गणितात. गणितातही सगळ्यात नाही बरं. बेरीज येते, वजाबाकी येते, पाढे विसापर्यंत येतात. मेले एका गोष्टीनं. अपूर्णांक!

आता गंमत बघा. बाजारात मला फसवून दाखवा. पाव किलो मिरची, सव्वा किलो वांगी, अडीच किलो कांदे, सगळं तोंडी. भाजीवाल्याचा काटा थरथरायच्या आत माझं गणित तयार. पण तेच कागदावर आलं, की वर एक आकडा, खाली एक आकडा, मधे आडवी रेघ, आणि माझं डोकं बंद. ते दोन मजली घर मला कधी कळलंच नाही. वरच्या मजल्यावर कोण राहतं, खालच्यावर कोण, भाडं कोण कोणाला देतं, काही पत्ता नाही! नववीच्या पेपरात असली सहा घरं आली. मी सहाही रिकामी ठेवून आले आणि परत शाळेत गेलेच नाही.

तर अशी मी, गेल्या वर्षी अमरावतीला शिवणक्लास लावला.

मुलगी हैदराबादला नोकरीला गेली, घर खायला उठलं. म्हटलं, काहीतरी शिकू. शिवण शिकू. त्यात गणित कुठून येणार? कापड, कात्री, मशीन! रोज सकाळी ऑटोनं बडनेऱ्याहून अमरावतीला जायचं, दुपारी परत. पहिल्याच दिवशी बोंडे मॅडमनी हातात टेप दिला. टेप म्हणजे इंचाची पट्टी हो. बघते तर काय, प्रत्येक दोन इंचांच्या मधे बारीक बारीक सात रेघा! आणि मॅडम फळ्यावर लिहितात, "३/८ आत घ्या, १/४ वर घ्या."

हे भूत इथंही आलं!

पंधरा दिवस मी शेजारणीची कात्री जिथं जाईल तिथं माझी कात्री नेली. शेजारीण म्हणजे वैशाली, तिवशाहून एसटीनं यायची, हुशार पोरगी. ती शिंकली तरी मी कात्री थांबवायची. पण किती दिवस चालणार? एकदा मॅडमनी गृहपाठ दिला. गळ्याची खोली अर्धा इंच वाढवा, त्यात पाव इंच शिलाईचा मिळवा, एकूण किती ते वहीत मांडून आणा.

मी स्वयंपाकघरात बसून मांडलं. १/२ अधिक १/४. वरचे दोन मिळवले, दोन. खालचे दोन मिळवले, सहा. उत्तर २/६. झालं की! एवढ्यासाठी मी शाळा सोडली होती?

मागून सासूबाईंचा आवाज आला, "हे काय लिहिलंस?"

"बेरीज, आई."

"अर्धा न पाव मिळून दोन सहांश?"

"हो."

त्यांनी टोपल्यातली भाकर काढली. ज्वारीची, सकाळचीच. मधोमध मोडली. अर्धी माझ्यासमोर ठेवली. उरलेल्या अर्धीचे परत दोन तुकडे केले, त्यातला एक पाव तुकडा माझ्या अर्धीशेजारी ठेवला.

"आता तुझ्याजवळ किती हाय?"

"पाऊण भाकर."

"बरं. तुझ्या वहीत किती हाय? दोन सहांश. म्हणजे सहा तुकडे केले न त्यातले दोन घेतले. म्हणजे तिसरा हिस्सा. अर्धी भाकर होती, तिच्यात पाव घातली, तर अर्धीपेक्षा कमी झाली! कशी झाली? मधातच कुत्र्यानं नेली का?"

मी भाकरीकडं बघते, वहीकडं बघते, भाकरीकडं बघते. खरंच की हो! पाऊण! मला पाऊण माहीत होतं, जन्मापासून माहीत होतं, फक्त कागदावरच्या त्या माणसाला मी ओळखत नव्हते.

"आई," मी म्हटलं, "मले शिकवा."

आणि बघा, सून म्हणून पंचवीस वर्षं मी त्या बाईंशी जेवढं बोलले नसेन, तेवढं त्या महिन्याभरात बोलले. रोज दुपारी जेवण झालं की पाटी, खडू आणि उरलेली भाकर. वरचा तो अंश, खालचा तो छेद. छेद सांगतो तुकडे किती केले, अंश सांगतो घेतले किती. बेरीज करायची तर आधी तुकडे सारखे करा. अंश छेदापेक्षा मोठा झाला, की त्याला म्हणायचं अंशाधिक.

"न अंशाधिक दिसला का तसाच ठेवायचा नाही," सासूबाई खडू आपटून सांगायच्या. "ताबडतोब भागायचं! पूर्ण किती ते बाजूला काढायचं, उरलेले तुकडे त्याच्या शेजारी लिहायचे. मग तो झाला पूर्णांकयुक्त. सांग, सात छेद चार?"

"चार एके चार, उरले तीन. एक पूर्ण तीन छेद चार."

"म्हणजे?"

"म्हणजे... एक न पाऊण... म्हणजे पावणेदोन! अहो आई, हे तर पावणेदोन हाय!"

"मग मी काय म्हणून राहिले?"

"न नऊ छेद चार म्हणजे सव्वादोन! न पाच छेद दोन म्हणजे अडीच!"

काय सांगू, माझ्या डोळ्यात पाणी आलं. शाळेतल्या त्या पेपरात सहा भुतं म्हणून जी सोडून आले, ती सगळी आपल्या बाजारातलीच माणसं होती! सव्वा, दीड, अडीच! फक्त युनिफॉर्म घालून आली होती म्हणून ओळखली नाहीत.

मग काय, मी सुटलेच. अंशाधिक दिसला की भाग! रस्त्यानं जाताना दिसला, भाग. ऑटोच्या मागं लिहिलेला दिसला, भाग. वर्तमानपत्रात रक्तदाबाचा आकडा १२०/८० छापला होता, मी नवऱ्याला म्हटलं, "दीड." तो म्हणाला, "काय दीड?" म्हटलं, "तुमचं बीपी." तो बिचारा ड्युटीवर निघून गेला.

इथपर्यंत ठीक होतं. आता गोंधळ सुरू.

आमच्या कॉलनीत बायांचं भजनी मंडळ आहे. बारा बाया. मी त्यात टाळ वाजवते. म्हणजे हातात टाळ असतो. वाजवायचं काम बाकीच्या करतात, कारण माझा टाळ एकतर आधी येतो नाहीतर नंतर येतो. मंडळाच्या अध्यक्ष कमलाकाकू, पेटी त्याच वाजवतात. आवाज असा की मैदानात माइक लागत नाही. त्या मला कधी काम सांगत नसत. हळदीकुंकवाला पण म्हणायच्या, "संगीता, तू फक्त सतरंजी घाल."

त्यावेळी अकोल्याला भजनस्पर्धा जाहीर झाली. काकूंनी बैठक घेतली. म्हणाल्या, "मागच्या बारीले आपला नंबर काहून नाही आला? गाणं चांगलं होतं. पण बाया कशा दिसत होत्या? एक लाल, एक पिवळी, एक चट्ट्यापट्ट्याची! यंदा सगळ्यायचे ब्लाऊज एका रंगाचे पाहिजेत. मोरपंखी. पण टेलरले टाइम नाही म्हणते, लग्नसराई हाय."

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. "मी शिवतो."

अकरा बाया माझ्याकडं बघायला लागल्या.

"तू?" काकू म्हणाल्या. "तुले येते?"

"मॅडम म्हणतात, माझी कटिंग लय साफ हाय."

मॅडम असं म्हणाल्या होत्या हो! एकदा. पोलक्याच्या बाहीबद्दल. पण ब्लाऊजचं पूर्ण कटिंग ज्या दिवशी शिकवलं, त्या दिवशी मी नेमकी नात्यातल्या साखरपुड्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी वैशालीची वही घेऊन उतरवून काढलं. माझ्या वहीचं शेवटचंच पान उरलं होतं, म्हणून अगदी दाटून दाटून, अक्षराला अक्षर लावून लिहिलं. छातीचा चौथा भाग, अधिक इतकं. खांदा इतका. बाहीची गोलाई इतकी.

आणि त्या "अधिक इतकं" पुढं माझ्या वहीत होतं ११/२.

सांगा, मी काय करणार? अंशाधिक! ताबडतोब भागायचं! दोन पंचे दहा, उरला एक. पाच पूर्ण एक छेद दोन. साडेपाच! छातीचा चौथा भाग, अधिक साडेपाच इंच.

जरा मोठं वाटलं हो, खोटं कशाला बोलू. म्हणून मी सासूबाईंना वही दाखवली. तेवढंच, बोटानं दाबून. "आई, हे किती?"

त्यांनी चष्मा वर केला. "अकरा छेद दोन. साडेपाच. बरोबर हाय." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला! पंचवीस वर्षांत पहिल्यांदा! त्या हातानंतर शंका घ्यायची कुणाची हिंमत?

तरी मी मॅडमला फोन केला. माझ्या बाजूनं मी सगळी काळजी घेतली, हे तुम्ही लक्षात ठेवा. मॅडमच्या मागं आठ मशिनी एकदम धडधडत होत्या.

"मॅडम, ते ब्लाऊजचं मार्जिन अंशाधिक आहे ना?"

"काय? अधिक?"

"हो, अंशाधिक!"

"हो हो, अधिकच ठेवा! नव्यानं शिकणाऱ्यानं कमी ठेवू नये! जास्तीचं आत दुमडून तुरपाई करून घ्या!"

झालं. सासूबाईंचा शिक्का, मॅडमचा शिक्का.

मी कापायला बसले. बारा बायांची मापं, बारा कागद. पहिल्या ब्लाऊजचा मागचा भाग कापला तो एवढा! माझ्या मनात आलं, ही कमलाकाकूची पाठ आहे का दाराचा पडदा? पण मॅडम क्लासमधे रोज म्हणतात, कापताना मोठं दिसतं, शिवल्यावर बसतं. मी कापत गेले. आठवं ब्लाऊज कापलं आणि कापड संपलं.

बारा ब्लाऊजचं कापड आठव्यालाच संपलं! मग चूक कोणाची? दुकानदाराची! मी उरलेल्या चिंध्या पिशवीत भरल्या, ऑटो केला आणि थेट अमरावतीच्या त्या दुकानात. गिऱ्हाइकांनी भरलेलं दुकान.

"भाऊ, कापड कमी मोजलं तुमी!"

दुकानदार हबकला. "ताई, तुमच्यासमोर मोजलं. वरतून चार बोटं जास्त सोडलं."

"मंग बारा बायायचं कापड आठव्या बाईले कसं सरलं?"

"बाया केवढ्या हायेत?"

"बाया बायांएवढ्या हायेत!"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. दुकानदारानं डोकं खाजवलं. "ताई, रागावू नका, पण तुमी शिलाईले किती सोडून राहिल्या?"

मी मान ताठ केली. दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अकरा छेद दोन."

"अकरा बाय दोन?" दुकानदार म्हणाला. "ताई, ते ब्लाऊज हाय का बोळ?"

सगळं दुकान हसलं. मला वाटलं, या माणसाला अपूर्णांक येत नाही, म्हणून हसतो आहे. मला त्याची कीव आली! मी त्याला म्हटलं, "भाऊ, शिकायले वय नसते." तो हात जोडून म्हणाला, "मायबाई, हे घ्या कापड, न जा."

कापड दिलं, पण पहिल्या थानातलं संपलं होतं. हे मोरपंखी जरा हिरवट. म्हटलं चालेल, हिरवट चार बाया रांगेच्या टोकाला बसवू.

शिवलं. मापावर शिवलं बरं का, शिलाई अगदी बरोबर अंगाच्या मापावर मारली. मग उरलेले साडेपाच इंच? ते आत. मॅडम म्हणाल्या तसं दुमडून, तुरपाई करून. आता हिशेब करा. पुढच्या भागाचं कापड, मागच्या भागाचं कापड, दोघांना अस्तर, झाले चार थर. दुमडले, झाले आठ. एका काखेत आठ थर. आमच्याकडं थंडीच्या गोधडीलाही एवढे नसतात!

मी माझं घालून पाहिलं. काखेत जरा दाटलं. हात थोडे लांब राहत होते. आरशात बघून मला वाटलं, फिटिंग फिटिंग म्हणतात ते हेच असावं.

बाकीच्यांनी घालून पाहिलं नाही. काकूंचा नियम, नवं कापड देवासमोरच अंगाला लावायचं. मी बारा ब्लाऊज इस्त्री करून गाठोडं बांधलं, आणि रविवारी सकाळी आम्ही सगळ्या पॅसेंजरनं अकोल्याला. सासूबाई पण आल्या. "माझी विद्यार्थिनी हाय," असं त्या डब्यात दोघींना सांगत होत्या. विद्यार्थिनी! सून नाही!

अकोल्याला ऊन असं, की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. सभागृहामागं एक खोली होती, पंखा एक. आमचा नंबर चौथा. तिसरं मंडळ शेवटचं भजन म्हणत होतं, तेव्हा काकू ओरडल्या, "चला, बदला लवकर!"

सगळ्यांनी पाठ फिरवून ब्लाऊज घातले, हूक लावले, पदर घेतले. मी वळून पाहते.

बारा बाया. चोवीस हात. आणि एकही हात खाली येत नव्हता!

सगळ्याजणी अशा उभ्या, जशी कोंबडी पावसात भिजून पंख सुकवते. पुष्पाताईंनी हात खाली दाबला, तो परत वर आला. दाबला, परत वर! नंदाबाई म्हणाली, "माय वं, माझ्या काखेत उशी काहून हाय?"

"संगीता!" काकूंचा आवाज. "हे काय केलं व?"

"काकू, नवं हाय... बसते हळूहळू..."

"कधी बसन? आपल्याले आत्ता बसाचं हाय!"

तेवढ्यात बाहेर माइकवर आमच्या मंडळाचं नाव. आता उसवायला वेळ कुठं? बारा जणी रांगेनं निघालो. दारातून जाताना एकेकीला आडवं व्हावं लागलं, कारण कोपरं दोन्ही बाजूंनी बाहेर. एका बाईला दार पुरत नव्हतं!

मंचावर बसलो. काकू पेटीवर. एक कोपर माइकला, एक कोपर शेजारच्या पुष्पाताईंच्या कानाला. पुष्पाताईंचं कोपर नंदाबाईंना. अशी ती साखळी पार शेवटच्या हिरवट बाईपर्यंत गेली. आणि मग झालं असं, की काकूंनी भाता ओढायला हात हलवला, की धक्का लागून सगळी रांग एकदम हलायची. एकदम! एका लयीत! जी गोष्ट पाच वर्षं सरावात जमली नाही, ती आठ थरांनी जमवली. माझा टाळसुद्धा त्या दिवशी बरोबर वाजला हो. चुकायला जागाच नव्हती, हात दोन्ही बाजूंनी दाबलेले.

उकाडा मात्र असा, की दुसऱ्या भजनाला माझ्या डोळ्यापुढं काजवे. समोर पहिल्या ओळीत सासूबाई. त्यांचा चेहरा मी बघत होते. आधी कौतुक. मग चष्मा पुसला. मग ओठ हलायला लागले. त्या मनातल्या मनात काहीतरी मोजत होत्या.

भजन संपलं. परीक्षक, एक वयस्कर गृहस्थ, माइक घेऊन म्हणाले, "आपली बैठक फार वेगळी वाटली. हे हात पसरून बसण्याची पद्धत कुठली?"

काकू खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आमच्या बडनेऱ्याची! देवाले मिठी मारून राहिलो, असा त्याचा अर्थ हाय!"

टाळ्या! सभागृहात टाळ्या! आम्हाला वाजवता आल्या नाहीत, तळहात तळहाताला पोचत नव्हते.

परत खोलीत आलो तशा सगळ्या माझ्यावर तुटल्या. काकूंनी आडोशाला जाऊन ब्लाऊज काढलं आणि तुरपाई ओढली. एक घडी निघाली, मग आणखी एक, मग अस्तर, मग परत कापड. काकू ओढत होत्या आणि ते येत होतं.

"अव हे तर सरूनच नाही राहिलं! किती सोडलं तू शिलाईले?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनीच विचारलं, अगदी हळू, "वही आणली का?"

पिशवीत होतीच. त्यांनी ते शेवटचं पान उघडलं. या वेळी बोटाखालचं तेवढं नाही, पूर्ण पान वाचलं. मग मला म्हणाल्या, "मॅडमले फोन लाव. स्पीकरवर."

रविवार होता, मशिनी बंद होत्या.

"मॅडम, ब्लाऊजचं मार्जिन किती?"

"छातीचा चौथा भाग, अधिक दीड इंच. का हो?"

दीड! अहो, दीड!

वैशालीच्या वहीत काय होतं? १, मग जागा, मग १/२. एक पूर्ण एक छेद दोन. दीड! मी दाटून लिहिताना ती मधली जागा खाल्ली आणि त्या एक आणि एकाचे झाले अकरा! चांगला घरचा दीड, त्याला मी भागून भागून साडेपाच केलं! जो आकडा तोंडी कुणी सांगितला असता तर मी झोपेतसुद्धा चुकले नसते!

मला वाटलं आता जमीन फाटावी. मी सासूबाईंकडं बघितलंच नाही. म्हटलं, झालं, विद्यार्थिनीची परत सून.

तर त्या माझ्या शेजारी येऊन बाकावर बसल्या. म्हणाल्या, "चूक अर्धी तुझी हाय, अर्धी माझी. जन्मभर पोरायले सांगत आले का उत्तर आलं की थांबा, न विचारा, असं असू शकते का? अर्ध्यात पाव मिळवला न कमी झालं, असं असू शकते का? ब्लाऊजले साडेपाच इंच शिलाई, असं असू शकते का? तुझं उत्तर बरोबर आलं याच्याच खुशीत मी विचारलं नाही. विसरले."

मग काकूंनी ते लांबलेलं कापड हातावर गुंडाळलं, आणि त्यांच्या खांद्यांनी हलायला सुरुवात केली. मला वाटलं, रडतात. त्या हसत होत्या! त्यांच्यामागून पुष्पाताई, मग नंदाबाई, मग अख्खी खोली. मी पण. सासूबाई तर अशा हसल्या, की त्यांचा चष्मा मला धरावा लागला.

बक्षीस मिळालं का विचारता? मिळालं. उत्तेजनार्थ. प्रमाणपत्रावर लिहिलं आहे, "सादरीकरणातील वेगळेपणासाठी." काकूंनी ते फ्रेम करून मंदिरात लावलंय, आणि मला आता सतरंजी घालायला सांगत नाहीत. वैशालीला मी सगळं सांगितलं, तर ती पोट धरून फळ्यासमोरच बसली.

घरी आल्यावर मी म्हटलं, सगळ्यांचे ब्लाऊज द्या, एका आठवड्यात जास्तीचं कापून नीट करून देते. तर कुणी देईना! घड्या तेवढ्या सैल करून, कापड तिरपं पसरून तुरपाई करून घेतली, हात खाली आले, पण कापायला कुणी तयार नाही. काकू म्हणाल्या, "कापतं कायले? टेलर अर्धा इंच सोडते, न दोन वर्षात ब्लाऊज अंगात जात नाही. हे जन्मभर पुरन! आपण वाढत जाऊ, हे उसवत जाऊ!"

आणि खरंच आहे ते. या गोष्टीला आता वर्ष झालं. अकरा बायांच्या ब्लाऊजची शिलाई जिथल्या तिथं आहे. एकीलाही उसवायची गरज पडली नाही.

बारावं माझं. मी आत्तापर्यंत पावणेतीन इंच उसवलंय. साडेपाचातून पावणेतीन गेले, उरले पावणेतीन. बघा, वही न उघडता सांगितलं की नाही?

ती बिस्किटं मात्र जरा तुमच्याकडं सरकवा.